माउसची पायपीट

शिरूरच्या कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. तिथला कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक मामा दर महिन्याला येतात. त्यांनी त्यात एक सॉफ्टवेअर टाकून दिलंय. कुठलं बटण किती वेळा दाबलं, माउस किती अंतर फिरला, सगळं ते मोजतं. आल्या आल्या मामा चष्मा कपाळावर चढवून आधी तेच बघतात.

"ताई, पाडव्यापासनं तुमचा माउस शिक्रापूरपतुर चालत गेला की!"

मला वैताग यायचा. पंखा साफ करा आणि निघा, असं वाटायचं.

एकदा मात्र आकडे बघून ते माझ्याकडं वळले.

"बॅकस्पेस लईच दाबताय. तुम्ही येवढं चुकत न्हाई. हात दुखतोय व्हय?"

चार महिने उजव्या हाताची बोटं बधिर होत होती. घरात मी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मी मान डोलावली. मामांनी माउस उचलून डावीकडं ठेवला.

"उद्याच डॉक्टरला दाखवा."

मनगटात दबलेल्या नसेचं ऑपरेशन झालं, बोटं वाचली. परवा मामा आले, चष्मा कपाळावर गेला.

"ऑपरेशनपासनं माउस अजून एसटी स्टँडपतुरच पोचलाय," ते म्हणाले. "निवांत जाऊ द्या त्याला."