आतेचे पुढारी

नॉटिंगहॅमला मी ज्या घरात राहायला गेले तिथे आधीपासून एक फिलिपिनो नर्स राहत होती. वरती दोन खोल्या, एक तिची, एक माझी. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, आणि त्या खोलीत तिचा टीव्ही आणि तिचा व्हीसीआर. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. पहिल्याच संध्याकाळी तिने सांगून टाकलं की तिला नावाने हाक मारायची नाही, आते म्हणायचं. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. मी नागपूरची. ऑफिसात साठीच्या मॅनेजरला पहिल्या नावाने बोलावताना माझी जीभ अडखळायची, त्यामुळे आते म्हणायला मला काहीच जड गेलं नाही.

आतेला पुढाऱ्यांच्या भाषणांचं वेड होतं. राजकारणाचं नव्हे, भाषणांचं. दर बुधवारी दुपारी पार्लमेंटात पंतप्रधानांना प्रश्न विचारतात. आते ते टेप करून ठेवायची आणि वॉर्डातून आली की भाताचं ताट मांडीवर घेऊन बघायची. एखादी बाई नाटक बघते तसं नाही, परीक्षक बघतो तसं. "हा कागदात बघत नाही, बघ." "याने इथे थांबायला हवं होतं, घाई केली." पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता दोघेही तिला सारखेच आवडायचे. तू नक्की कोणाच्या बाजूची, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "जो चांगला बोलेल त्याच्या."

मला हे अजिबात पटायचं नाही. भाषणांनी माझे कान लहानपणीच किटले होते. आमचे बाबा कोणत्याही पक्षाचे नव्हते, पण नागपुरात सभा असली की मला घेऊन पहिल्या रांगेत. घरी आलं की आईला अख्खं भाषण हातवाऱ्यांसकट. पुढे त्यांनी मलाच वक्तृत्व स्पर्धांना उभं केलं. हुंडा, वृक्षतोड, व्यसनमुक्ती या सगळ्यांवर मी दहाव्या वर्षी बोलून बसले होते. शब्द बाबांचे, आवाज माझा, आणि बक्षिसाचे स्टीलचे डबे आईचे. सोळाव्या वर्षी मी जाहीर केलं की आता बास. वाक्याच्या शेवटी जो आवाज चढवतो तो काहीतरी विकत असतो, असं माझं तेव्हा मत झालं, आणि ते अजून बदललेलं नाही.

त्या वर्षी हा देश लढाईवर निघाला होता. माझ्या ऑफिसातली निम्मी माणसं लढाईविरुद्धच्या मोर्चाला जाऊन आली होती. पंतप्रधान पार्लमेंटात बराच वेळ बोलले आणि आतेने ती टेप दोनदा पाहिली. "काय बोलला," ती म्हणाली. मला राग आला. मी म्हटलं, "आते, तिकडे माणसं मरणार आहेत आणि तू याला मार्क देत बसलीयेस."

तिने आवाज कमी केला. मग तिने मला तिच्या लहानपणचा राष्ट्राध्यक्ष सांगितला. तो रेडिओवर बोलायला लागला की घरातलं कोणी हलायचं नाही, चुलीवरचा भात करपायचा. तो गावावरून जाणार असला की शाळेतली पोरं कागदी झेंडे घेऊन उन्हात तासन् तास उभी. तिचे वडील शाळामास्तर. दुसऱ्या दिवशी त्याचीच वाक्यं ते वर्गात म्हणून दाखवायचे. वीस वर्षं तो बोलत राहिला आणि लोक ऐकत राहिले. शेवटी लोकच रस्त्यावर उतरले आणि त्याला पळून जावं लागलं.

"मग तुझ्या वडिलांनी काय केलं?"

"भिंतीवरचा फोटो काढला. पण शेवटपर्यंत म्हणायचे, बोलायचा मात्र." तिने शेवटचा घास घेतला. "भाषण चांगलं आहे म्हणाले मी. माणूस चांगला आहे असं कुठे म्हणाले?"

रविवारी मी हे नागपूरला फोनवर सांगितलं. बाबा खूश झाले. "बरोबर बोलून राहिली ती बाई," म्हणाले. "आणि तो तुमचा पंतप्रधान कागदात पाहून बोलते का, तोंडपाठ?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आणि ती एकाच घरात राहायला हवे होतात." इतकी चोखंदळ बाई, पण एका जागी मात्र ती साफ गुंडाळली गेली होती. तिच्या देशात कुठल्याही पक्षाचा पुढारी आला तरी परदेशी काम करणाऱ्यांना वीर म्हणतो. देशाचे नवे वीर. ख्रिसमसला ही मंडळी सुट्टीवर परततात तेव्हा मोठे पुढारी विमानतळावर जाऊन त्यांच्याशी हात मिळवतात. आते आधी सौदीत होती, मग इथे. ख्रिसमसला तिला कधीच रजा मिळाली नव्हती. "एकदा ख्रिसमसला जाईन," ती म्हणायची. मी चिडवायचे, "वीरबाई, आज भांडी कोणाची पाळी?" ती हसायची, पण त्या शब्दावर तिचा विश्वास होता. तिला त्याची गरजच होती. घर सोडलं तेव्हा तिची मुलगी सहा वर्षांची होती.

आता मुलगी तेरा वर्षांची झाली होती. ती लोलाकडे वाढत होती. लोला म्हणजे आजी, आतेची आई. नवरा केव्हाच वेगळा झाला होता आणि त्याचा विषय घरात निघत नसे. मुलीला इंग्लंडला आणायची सगळी तयारी त्या वर्षी झाली होती, व्हिसाची, शाळेचीही. फक्त मुलीने येते म्हणायचं राहिलं होतं. मुलगी हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. शाळेची स्पर्धा झाली की सांगते, एवढंच.

स्पर्धा म्हणजे भाषणाचीच, तीही इंग्रजीत. त्यांच्याकडे मोठ्या माणसाचं भाषण पाठ करून हावभावांसकट म्हणायची पद्धत आहे. भाषण आतेने निवडलं, एका पुढाऱ्याचं, परदेशातल्या वीरांवरचं. मग दर रविवारी तालीम. फोनचं कार्ड खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचा, स्पीकर लावायचा. "इथे थांब. श्वास घे. आता वर बघ." मी स्पर्धा जिंकलेली, हे तिला कळलं होतं, म्हणून मलाही बसवलं. हात मागे बांधू नकोस, एवढा एकच सल्ला मी दिला. पलीकडून "येस, मा" यायचं. कधी एखादा कोंबडा आरवायचा.

तालमीच्या आधी आणखी एक गोष्ट व्हायची. फोन लागला की पहिली दहा मिनिटं आते एकटीच बोलायची, निम्मं त्यांच्या भाषेत, निम्मं इंग्रजीत. अभ्यास कर. लोलाचं ऐक. मी इथे कोणासाठी राबते ते विसरू नकोस. देव बघतोय. सुरुवात हळू, मध्ये चढ, शेवट अगदी मऊ. मला ते सगळं पाठ झालं होतं. पंतप्रधान बुधवारी बोलायचे, आते रविवारी.

स्पर्धेनंतर महिन्याभराने तिच्या गावची एक नर्स रजेवरून परतली आणि सीडी घेऊन आली. आतेने नूडल्स केले, आनंदाच्या प्रसंगी त्यांच्याकडे तेच करतात, आणि आम्ही माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सीडी लावली. शाळेचा मंच, कागदी फुलं, गरगरणारा एक पंखा. मुलगी उंच होती, आतेहूनही उंच असावी. ती बोलायला लागली आणि मला नाइलाजाने कबूल करावं लागलं की पोरगी उत्तम होती. वीर हा शब्द आला तिथे थांबली, बरोबर थांबली. आतेचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

टाळ्या झाल्या. मग परीक्षकाने माइक घेतला. भरतकामाचा पातळ पांढरा शर्ट घातलेला एक जाडा गृहस्थ. भाषण झालं की एक प्रश्न विचारायची रीत होती. तुझ्या आयुष्यातला वीर कोण, त्याने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, हसू आधीच तोंडावर होतं.

"माझी लोला," मुलगी म्हणाली.

गृहस्थ जरा गडबडला. "आणि तुझी आई? ती तर परदेशात आहे ना, आपल्या सगळ्यांसाठी?"

मुलगी विचारात पडली. तिला बोलायला कोणी काही दिलेलं नव्हतं. मग म्हणाली, "मा फोनवर खूप छान बोलते."

सभागृह हसलं. वाईट हसलं नाही, प्रेमानेच हसलं. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

आतेने सीडी मागे नेली आणि तेवढंच पुन्हा पाहिलं, बुधवारच्या टेपा बघायची तसंच. "हात बघ," म्हणाली. "कुठे लपवले नाहीत." मग ताट घेऊन आत गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन म्हटलं, "अगं, पोरं बोलतात काहीही."

"नाही," ती म्हणाली. "ते पाठ केलेलं नव्हतं."

पुढच्या रविवारी मी जिन्यात बसून बूट पुसत होते. आतेने फोन लावला. मुलीने हॅलो म्हटलं असावं. आते म्हणाली, "आज तू बोल." मग पलीकडून बारीक आवाज यायला लागला. एक कोंबडी धुण्याच्या टोपलीत अंडी घालत होती, हे आतेने मला नंतर सांगितलं. लोलाचा गुडघा सुजला होता. मैत्रिणीने बोलणं टाकलं होतं. आते फक्त हं म्हणत होती. मध्ये सल्ला देण्यासारखं बरंच होतं, पण तिने दिला नाही. शेवटी कार्डातल्या रेकॉर्ड केलेल्या बाईने एक मिनिट उरल्याचं सांगितलं, आणि मग फोन तुटला.

"तिचं वाक्य अर्धं राहिलं," आते म्हणाली आणि ड्रॉवर उपसायला लागली. दुसरं कार्ड नव्हतं. मी माझं आणून दिलं. त्या रविवारी नागपूरला फोन झाला नाही.

ती पुन्हा बसली. मी चहा केला, तो तिच्याजवळच गार झाला. फोन ठेवला तेव्हा मी विचारलं, "येतेय?"

"नाही. लोलाला सोडून नाही येणार म्हणाली." तिने संपलेलं कार्ड उलटंपालटं केलं. "तूच ये म्हणाली."

"तू काय म्हणालीस?"

"मी ऐकत होते."

पुढच्या मार्चमध्ये ती गेली, कायमची. वॉर्डात निरोपाचा कार्यक्रम झाला, मला बोलावलं होतं. मॅनेजर बाई तिच्याबद्दल बरंच बोलल्या, भाषण म्हणून वाईट नव्हतं. मग आतेला दोन शब्द बोला म्हणाले. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. तिने थँक यू म्हटलं आणि केक कापला.

टीव्ही आणि व्हीसीआर ती मला देऊन गेली. एका बुधवारची दुपार मी टेप केली आणि संध्याकाळी लावली. कोण कागदात बघतंय ते सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून बंद केली.

आठवड्याने तिचा फोन आला. मी जुनी सवय सोडली नाही. म्हटलं, "काय, कोणी आलं होतं का विमानतळावर वीरबाईंच्या स्वागताला?"

"मार्चमध्ये कोणता पुढारी येतोय," ती म्हणाली. "मुलगी आली होती."

"काय म्हणाली?"

"काही नाही. माझ्या हातातली बॅग घेतली."