पेंटरची हरकत

माझ्या दुकानात शांत माणूस सहसा येत नाही. नगरपालिकेच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, आणि शांत माणसाला अर्ज लिहून घ्यायची गरजच पडत नाही. ज्याच्या दारात कुणी खड्डा खणून ठेवलाय, ज्याच्या गाडीवर पावती चिकटलीय, तो येतो. त्याला मी आधी स्टुलावर बसवते, पाणी देते आणि सांगते, राग काय काढायचा तो इथे काढा, अर्जात नको. अर्जात राग दिसला की साहेब रागाला उत्तर देतो आणि मुद्दा जागच्या जागी राहतो.

त्या दिवशी दुकान उघडत होते तेवढ्यात माझे भावोजी आले, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अख्खं शहर त्यांना पेंटर म्हणतं. त्यांनी पावती काउंटरवर आपटली.

"लिही अर्ज."

"आधी बसा तरी."

"बसायला वेळ नाही मला. नो पार्किंगची पावती, आणि ती मला! मला!"

त्या दुसऱ्या 'मला'चं कारण सांगायला हवं. या शहरातल्या निम्म्या पाट्या भावोजींच्या हातच्या आहेत. दवाखाने, वकील, शिंपी, लाँड्री, 'कुत्र्यापासून सावध' आणि हो, 'वाहने उभी करू नयेत' हेही. त्यांची कामाची एक रीत होती. शेवटचं अक्षर झालं की ब्रश धुवायच्या आधी रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही अडवून विचारायचं, "तेवढं जरा वाचून दाखवता का?" माणूस अडखळला की पाटी पुसून पुन्हा. वाचणाऱ्याची चूक कधीच नसते, चूक पाटीची, असं त्यांचं शास्त्र. एकदा त्यांनी ज्याला अडवलं त्याला मुळात वाचताच येत नव्हतं. बिचारा लाजून चाचरत राहिला आणि यांनी ती पाटी दोनदा पुसली. दुकानाचा मालक कपाळाला हात लावून बसला होता, असं ताई अजून सांगते.

"पाटी होती का तिथे?" मी विचारलं.

"पाटी आहे, पण ती नसल्यातच जमा. पुसट झालीय. स्टिकरची आहे ना, मशीनवर कापलेली. उन्हानं सगळा रंग खाल्ला. कोरी पाटी टांगून दंड करतात!"

आता माझ्या लक्षात आलं. नगरपालिकेच्या पाट्यांचा ठेका मिळालेला स्टिकरवाला एकेकाळी भावोजींच्याच हाताखाली शिकला होता. पुढे त्याने मशीन घेतलं आणि तेव्हापासून भावोजी त्याला पाण्यात पाहायचे. दंडाचं त्यांना फारसं काही नव्हतं. स्टिकर टिकत नाही, हे सरकारी कागदावर यायला हवं होतं.

"दंड भरून मोकळे व्हा," मी म्हटलं. "उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"तू लिहून देणार नसशील तर मी हातानं लिहीन. भिंतीवर लिहीन!"

ते खरंच लिहितील, म्हणून मी कामाला लागले. पावतीवर हरकत घेणं अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. मुदतीत अर्ज द्यायचा. गाडी जिथे उभी होती तिथूनच, आणि त्याच वेळेला, पाटीचा फोटो काढायचा, म्हणजे उजेड तोच येतो. अर्जात एकच मुद्दा, आणि शेवटी समक्ष म्हणणं मांडू द्यावं ही विनंती. लोक पाच मुद्दे घालतात आणि त्यातल्या सगळ्यात कच्च्या मुद्द्यावर हरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्या गल्लीत गेलो. ताईही आली होती. औषधांच्या ठोक दुकानांची ती गल्ली. खोकी चढवणारे हमाल, अर्धवट उघडलेली शटरं, आणि टोकाला विजेच्या खांबावर ती पाटी. ऊन बरोबर समोरून येत होतं. भावोजींनी हात उंचावला.

"बघ. आहे का काही तिच्यावर?"

मी पाहिलं. लाल गोल, त्यावर तिरकी रेघ, खाली काळी अक्षरं. लखलखीत. गल्लीच्या या टोकावरून मी ती चष्म्याशिवाय वाचली. भावोजी चेष्टा करताहेत असं वाटून मी हसायला तोंड उघडलं, तोच ताईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की हसू आतल्या आत जिरलं.

"हो हो, अगदीच गेलीय हो," ताई म्हणाली.

मी मुकाट्यानं फोटो काढला. भावोजी शेजारच्या दुकानदाराला स्टिकरचे तोटे समजावून सांगायला गेले, आणि मी ताईला भिंतीकडे ओढलं.

"हे काय चाललंय?"

"हळू बोल. उन्हात त्यांना काहीच दिसत नाही. सगळं दुधासारखं दिसतं. सावलीत थोडं बरं. हातातलं, अगदी नाकाशी धरलेलं, अजून दिसतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरकडे न्यायला आधी त्यांना कबूल तर व्हायला हवं! पाटी नीट दिसली नाही की म्हणतात रंग वाईट, माणूस ओळखला नाही की म्हणतात तोच बारीक झालाय. अगं, आयुष्यभर हेच केलंय ना त्यांनी. दिसलं नाही की पाटीला दोष. डोळ्यांवर त्यांचा संशयच जात नाही."

मग एकेक बाहेर आलं. रंगाचे डबे आता ताई उघडून हातात द्यायची, हा लाल, हा निळा, असं सहज बोलल्यासारखं बोलून. भावोजी त्यांची कामाची व्हॅन चालवत असताना शेजारी बसून, 'सायकलवाला आला, डावीकडे पोरं आहेत' असं पुटपुटत राहायची. कामावर बरोबर जाऊन शिडी धरून उभी राहायची. लोकांना वाटायचं, या वयात काय प्रेम उतू चाललंय! मलाही तेच वाटलं होतं, आणि मी तिला त्यावरून चिडवलंही होतं.

"तू वेडी आहेस का?" माझा पारा चढला. "उद्या गाडीखाली कुणाचं पोर आलं म्हणजे? नाहीतर हे स्वतःच शिडीवरून पडले म्हणजे?"

"कळतं गं मला. पण त्यांना तोंडावर सांगायचं, की तुम्हाला दिसत नाही? घरात बसलेला पेंटर पाहवेल तुला? माझी तर जीभच उचलत नाही."

ताईची ही झाकली मूठ मला अजिबात पटली नव्हती. पण माझी जीभ, जिला हाड नाही असं सगळं घर म्हणतं, तीही त्या गल्लीत उचलली नाही. मी स्वतःची समजूत घातली, की सुनावणीत साहेब फोटो पाहील आणि फटकन सांगेल, पाटी तर स्पष्ट आहे. परक्या माणसाच्या तोंडून ते कळलं की आपली सुटका. अर्ज मी जपून लिहिला: 'सदर ठिकाणची पाटी अर्जदारास दिसली नाही.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

सुनावणीची खोली वरच्या मजल्यावर होती. लोखंडी कपाटं, टेबलावर शिक्क्यांची चवड, आणि येणाऱ्यांसाठी डुगडुगत्या खुर्च्या. टेबलामागे साहेब नव्हता, एक मध्यमवयीन बाई होत्या. भावोजींना पाहताच त्या चक्क उभ्या राहिल्या.

"पेंटर! अहो, आमच्या घराचं नाव तुम्हीच लिहिलंय. वडील रोज पुसायचे ती पाटी."

भावोजी फुलले, आणि पाटी कशी पुसट झालीय ते त्यांनी तोंडानंच सांगून टाकलं. बाईंनी अर्ज वाचला, फोटोकडे नजर टाकलीसुद्धा नाही. "तुम्ही पुसट म्हणता म्हणजे असणारच पुसट. तुमच्याहून जास्त कुणाला कळतंय त्यातलं? पावती रद्द करते."

मी इतकी वर्षं अर्ज लिहितेय, पण जिंकल्याचं वाईट वाटलं ते त्या एकदाच. ताईकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला. आता भावोजी खाली जाणार, व्हॅनमध्ये बसणार, आणि बाजाराच्या गर्दीतून गाडी काढणार. वर शहरभर सांगणार, की बघा, पाटीच पुसट होती. यानंतर त्यांना डॉक्टरकडे कोण नेणार होतं?

बाई पेन उघडत म्हणाल्या, "आणि त्या ठेकेदाराला नोटीस काढते. तुमच्याच हाताखालचा ना तो? असली पाटी लावतो म्हणजे काय! पुढचं काम थांबवते त्याचं."

भावोजी खूश झाले. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. पण लगेच त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"नोटिशीत नुसतं पुसट लिहू नका," ते म्हणाले. "नेमकं काय बिघडलंय ते लिहा. रंग उडाला, की डिंक सुटला, की कड उचलली. त्यालाही कळू द्या. फोटो बघू."

बाईंनी फोटो दिला. भावोजींनी तो नाकाशी नेला, मग खिडकीकडे पाठ करून पुन्हा पाहिला. अक्षरांच्या कडेवरून नख फिरवलं.

"हा कधी काढलास?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्यासमोरच काढला, भावोजी. त्या गल्लीत."

"छापताना मशीनवर रंग गडद केलास का?"

"नाही."

त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. मला वाटलं आता चिडतील, माझ्यावर किंवा मशीनवर. पण ते इतक्या हळू बोलले की बाई पुढे वाकल्या.

"काम चोख आहे. अक्षरांतलं अंतर बघा, कड बघा. मी शिकवलं तसंच केलंय पोरानं." मग फोटो टेबलावर ठेवत म्हणाले, "नोटीस काढू नका, बाई. पाटीत काही खोट नाही. पावती राहू द्या."

"अहो, मी रद्द करतेय ना!"

"नको. गाडी मी चुकीच्या जागी उभी केली होती."

बाईंना काही कळलं नाही. मला आणि ताईला सगळं कळलं. जिन्यावरून उतरताना ते भिंतीला हात लावून उतरले, आणि आज त्यांनी ते आमच्यापासून लपवलं नाही. खाली आवारात व्हॅनजवळ आल्यावर ताईकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला शिडीवर चढू दिलंस?" आवाज इतका चढला की फाटकावरचा शिपाई वळून बघायला लागला. "बायको आहेस की कोण आहेस?"

माझी ताई चारचौघांत कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"खाली उभी राहून रोज मरत होते मी! तुम्ही वर रंग लावायचात आणि मी खाली श्वास धरून उभी! कसं सांगणार होते तुम्हाला? सांगा ना, कसं सांगायचं असतं हे?"

ताई आता उघड उघड रडत होती, आणि खरं सांगायचं तर मीही. भावोजींनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली आणि ताईच्या हातावर ठेवली. आम्हा दोघींनाही गाडी चालवता येत नाही, त्यामुळे शिपायाला सांगून व्हॅन तिथेच ठेवली.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," ताई डोळे पुसत म्हणाली.

"जाऊ. पण आत्ता घरी कसं जायचं?"

"चालत. हात धरा माझा."

भावोजींनी इकडे तिकडे पाहिलं, जन्माची सवय म्हणून. "अगं, भर रस्त्यात? लोक बघतील."

"बघेनात का," ताई म्हणाली. "कोण बघतंय ते तुम्हाला कुठं दिसणार आहे?"

मी जीभ चावली. भावोजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि त्यांनी हात पुढे केला.