गिरणीवर ढकललेली शिट्टी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना मला हसू फुटतंय, हीच तर पंचाईत आहे.

धामणगाव बढ्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य नवं, गावातली वीज नवी, रेडिओ नवे — आणि मीही नवाच! दुरुस्त झालेला रेडिओ तपासायला मी स्वतः एक ऑसिलेटर जोडला होता. त्यातून बारीक शिट्टी सोडायची; रेडिओत ती नीट वाजली की रेडिओ पास. एवढंच त्याचं काम.

पण मला एवढ्यावर गप्प बसवेल तर ना! एका संध्याकाळी त्याला छपरावरची लांब तार जोडली. म्हटलं, बघू तर, शिट्टी कुठवर जाते. बाहेर पडलो — आणि अहाहा! शिंप्याच्या रेडिओत शिट्टी, हॉटेलात शिट्टी, पार ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून शिट्टी! बातम्या बुडाल्या, लोक रेडिओला थपडा मारतायत, आणि मी छाती फुगवून गल्लीतून चाललोय. माझ्या हातची शिट्टी! थांबलो का? कसला थांबतो! रोज संध्याकाळी चाचणी.

लोक कावले. कुणीतरी म्हणालं, हे गिरणीच्या मोटारीनं होतं. गिरणी चंद्रभागा मावशींची — नवरा गेल्यावर त्या एकट्याच चालवायच्या, पदरी दोन लेकरं. गर्दी संध्याकाळीच, शेतातून परतलेल्या बाया ज्वारीचे डबे घेऊन यायच्या.

चावडीवर बैठक बसली. मावशी उभ्या होत्या, पदराला पीठ लागलेलं. त्या माझ्याकडे वळल्या.

"बापू, तुले यातलं समजते. तूच सांग, माह्या गिरणीनं होते का हे?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. खरं बोललो असतो तर? परवाना नसताना लहरी सोडल्या म्हणून दुकान गेलं असतं, पोलीस आले असते — पण खरं सांगू? हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा एवढंच वाटलं, की लोक हसतील.

"हाव," मी म्हणालो. "मोटारीचंच हाये ते."

संध्याकाळची गिरणी बंद झाली. त्याच दिवशी मी गुपचूप तार काढली — मग काय, रेडिओ स्वच्छ! लोकांनी माझीच पाठ थोपटली. बाया तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या दुसऱ्या गिरणीकडे वळल्या त्या वळल्याच. वर्षाच्या आत मावशींनी गिरणी विकली आणि लेकरं घेऊन भावाकडे, संग्रामपूरला निघाल्या.

एसटीच्या टपावर त्यांचं गाठोडं मीच चढवलं.

"तुह्यावर राग नाही बाप्पा," त्या खालून म्हणाल्या. "तू तं जे खरं तेच सांगतलं."

मी वरूनच "हाव" म्हणालो, आणि गाठोडं दोरीनं नीट बांधलं.