पेपर पाठवला आणि फ्लेक्स लागला

आमच्या विचुंबे गावाच्या वळणावर मी स्कूटी थांबवली, कारण समोरच्या फ्लेक्सवर मीच होते. चेहरा रिक्षाएवढा. फोटो पुतणीच्या लग्नातला, त्यामुळे नाकात नथ. मागे निळं आकाश, त्यात चांदण्या. मजकूर असा: 'आकाशात नवा तारा शोधून गावाचे नाव उंचावल्याबद्दल सौ. म्हात्रे मॅडम यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीने. त्यातले निम्मे मला ओळखत नव्हते आणि उरलेल्यांना मी.

मी नवा तारा शोधला नव्हता. तारा जुना होता, खगोलवाल्यांच्या यादीत कधीपासूनचा. आणि जे मला सापडलंय असं वाटत होतं, त्याचा निकाल अजून लागायचा होता.

मी पनवेलच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तास संपले की संशोधन. लोकांना वाटतं, त्यासाठी गच्चीवर मोठी दुर्बीण लागते. लागतं ते इंटरनेट. अवकाशातल्या दुर्बिणी फोटो काढतात, ते काही काळाने सगळ्या जगासाठी खुले होतात, आणि मी स्टाफरूमशेजारच्या खोलीत बसून त्यातला उजेड मोजते. आपल्या देशाचीही अशी एक दुर्बीण तेव्हा नुकतीच वर गेली होती. ती अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात पाहते. ताऱ्यांचा हा प्रकाश हवेतच अडकतो, जमिनीपर्यंत पोचत नाही. म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते.

आमचा विषय होता एक म्हातारा तारकागुच्छ. गुच्छातले तारे एकाच सुमारास जन्मलेले असतात, शाळेच्या एका बॅचसारखे. त्यातले मोठे, निळे, झगझगीत तारे आयुष्य उधळून लवकर संपतात. म्हणजे जुन्या गुच्छात निळे उरायला नकोत. तरी काही असतात. गेट-टुगेदरला सगळी बॅच पिकलेली आणि एकच जण कॉलेजकुमार, तसे. त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात. एक स्पष्टीकरण असं, की अशा ताऱ्याने शेजारच्या ताऱ्याचा माल ओढून घेतला आणि स्वतः तरुण झाला. लुबाडलेला शेजारी आक्रसून छोटासा, पण भयंकर तापलेला गोळा होतो आणि त्याच्याभोवती फिरत राहतो. साध्या प्रकाशात तो दिसत नाही. अल्ट्राव्हायोलेटमध्ये मात्र लपत नाही.

माझ्या एका ताऱ्याचा अल्ट्राव्हायोलेट उजेड हिशेबापेक्षा जास्त येत होता. एकट्या माणसाच्या घराला चौघांचं लाइटबिल यायला लागलं, तर आत आणखी कुणीतरी राहतंय. इतकी साधी गोष्ट. मी आणि बंगळुरूचे माझे सीनियर सहकारी, ज्यांना मी सर म्हणते, आम्ही रिसर्च पेपर लिहून जर्नलला पाठवला. जर्नल तो एका तज्ज्ञाला तपासायला देतं. हा रेफरी. त्याचं नाव आपल्याला कळत नाही. त्याला पटलं तर पेपर छापतात, नाहीतर साभार परत.

पाठवला त्या दिवशी जेवताना मी घरी म्हणाले, "पेपर पाठवला." धाकटे दीर जनार्दन भाऊजी समोर बसले होते. खडी-रेतीचा धंदा, गावात वट, आणि माझ्याबद्दल मला नसेल इतका अभिमान. पेपर म्हणजे त्यांच्या लेखी वर्तमानपत्र.

मी स्कूटी वळवली आणि थेट त्यांच्या ऑफिसात गेले.

"वयनी, तुमीच बोलल्या ना, पेपर पाठवला," ते शांतपणे म्हणाले. "पेपरान यायच्या आदी आपला फ्लेक्स लागला पायजे. नाय त दुसराच कोन तरी लावील."

मी त्यांना रेफरी समजावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमाला नापास पन करतील?"

"करू शकतात. म्हणून म्हणते, उतरवा तो."

"उतरवला त लोकं बोलतील, वयनींचा कायतरी खोटा निघाला. लावलेला फ्लेक्स कोन उतरवत नाय. तुमी पास व्हा."

आमच्याकडे फ्लेक्स उन्हाने विटतो, वाऱ्याने फाटतो, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाखाली जातो. हाताने उतरवला, तर काहीतरी भानगड झाली असंच धरतात.

काही आठवड्यांनी एका सकाळी कॉलेजात पोचले, तर रेफरीचा रिपोर्ट येऊन पडलेला. भाषा अगदी सभ्य आणि मुद्दा गळ्याशी. अल्ट्राव्हायोलेट फोटो जरा पसरट येतो, दोन गोष्टी अगदी चिकटून असल्या तर एकच ठिपका दिसतो. तेव्हा जादा उजेड ताऱ्याच्या जोडीदाराचा कशावरून? मागे खूप दूरवर एखादी दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, नेमकी त्याच रेषेत असली तर? ही शक्यता खोडून काढल्याशिवाय मी शिफारस करू शकत नाही, असा रिपोर्टचा शेवट.

दुपारी सरांचा फोन आला.

"रेफरी म्हणतो ते शक्य आहे का?"

"शक्य आहे, सर."

"मग तपासा. आणि अहो, तो नथीतला फोटो इथपर्यंत पोचलाय. पेपर स्वीकारला जाईपर्यंत मी बायकोलासुद्धा सांगत नाही."

माझी एक विद्यार्थिनी सरांच्याच संस्थेत होती, तिने कौतुकाने फ्लेक्सचा फोटो सगळ्यांना दाखवला होता. मी कानकोंडी झाले. पेपर परत आला असता, तर गावात खोटी आणि व्यवसायात उतावळी, दोन्ही शिक्के एकदम बसले असते. आणि दुसरा पुसणं जास्त अवघड.

परदेशी अवकाश दुर्बिणीने त्याच गुच्छाचे फार बारकाईचे फोटो पूर्वी काढून ठेवले होते. ते उतरवून घेतले. पहिल्यात माझा तारा नेमका कडेला कापला गेलेला. दुसऱ्यात पूर्ण आला होता. मोठा करून पाहिला. ताऱ्याला खेटून एक पुसट डाग होता, लांबट, कडा विरलेल्या. तारा असा दिसत नाही. ती गॅलेक्सीच होती. रेफरीने न बघता सांगितलेलं खरं निघालं.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी दोन तास इतकं वाईट शिकवलं की पहिल्या बाकावरची मुलंही गप्प झाली.

पण डाग आहे, एवढ्यावर तो दोषी ठरत नाही. तिथे आहे आणि त्यानेच केलंय, या दोन वेगळ्या गोष्टी. फोटो निरनिराळ्या फिल्टरांतून काढलेले होते, म्हणजे लाल प्रकाशातला वेगळा, निळ्यातला वेगळा. मी ते ओळीने लावले. लाल फोटोत गॅलेक्सी ठळक. पुढच्यात फिकी. निळ्यात शोधावी लागली, आणि सगळ्यात निळ्या फोटोत ती नव्हतीच. तारा मात्र तिथेच, ठणठणीत. निळ्यातच जिचा दिवा विझतोय, ती अल्ट्राव्हायोलेटमध्ये एवढा उजेड कुठून आणणार?

तरी आणखी एक परीक्षा घेतली. आसपासच्या ताऱ्यांच्या आधाराने आपल्या देशाच्या दुर्बिणीचा फोटो या बारीक फोटोवर तंतोतंत बसवला आणि अल्ट्राव्हायोलेट उजेडाचा मध्य कुठे पडतो ते पाहिलं. तो डागावर पडला नाही. ताऱ्यावर पडला. तीनदा नव्याने बसवला, तीनदा ताऱ्यावर.

सरांना सगळं पाठवलं. त्यांनी त्यातल्या चार चुका काढल्या आणि शेवटी लिहिलं, 'आता हे मी घरी सांगेन.' या माणसाने मला शाबासकी कधी दिली नव्हती. डोळे भरून आले, आणि मी ते पुसायची घाई केली नाही.

आमच्या उत्तरात डाग लपवला नाही. रेफरीची शंका रास्त आहे, गॅलेक्सी तिथे खरोखर आहे, पण उजेड तिचा नाही, असं चित्रांसकट लिहिलं. बऱ्याच दिवसांनी जर्नलची मेल आली. पेपर स्वीकारला होता. लेखकांत पहिलं नाव माझं आणि त्याखाली कॉलेजच्या पत्त्यात पनवेल. तापलेला एक गोळा आपल्या ताऱ्याभोवती कुणाला न दिसता फिरत होता, आणि तो तिथे आहे हे आमच्या खोलीतून सिद्ध झालं होतं. मला अभिमान वाटला. आजही वाटतो.

भाऊजींना पेपर छापून दाखवला. त्यांनी पत्ता बोटाने वाचला. "पनवेल लिवलाय. विचुंबे नाय?" कॉलेज विचुंब्यात नाही, हे त्यांनी नाराजीनेच मान्य केलं. मग म्हणाले, नवा फ्लेक्स लावू, या वेळी मजकूर तुमी सांगा. मी अगदी मोजून सांगितला: 'ताऱ्याचा लपलेला जोडीदार शोधल्याबद्दल.'

त्यांनी मान हलवली. "नको वयनी. लोकं पोरींना स्थलं इचारायला येतील तुमच्याकडं."

दोन दिवसांनी वळणावर फ्लेक्स लागला. फोटो तोच नथीतला. मजकूर त्यांचा स्वतःचा: 'पेपर पास झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझ्याबद्दल आजवर बरंच काही लिहिलं गेलंय, कॉलेजच्या अहवालात तर फारच. पण रेफरीच्या हातात दिला असता तरी एकही शब्द कापला गेला नसता, असा मजकूर तो एकच. आमच्या धंद्यात दावा जेवढा लहान, तेवढा टिकतो.

वळणावरचे किराणावाले काका त्या संध्याकाळी म्हणाले, "मॅडम, या वयात कसली परीक्षा दिलीत?"

"रीचेकिंगला टाकला होता, काका," मी म्हटलं. "त्यात सुटले."