काडेपेटीतली अळी

साक्रीजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर कधी चिडत नाहीत. माणूस गोड आहे, आणि त्याचाच मला राग येतो. कुठलाही धडा असो, ते मोबाईलवर व्हिडिओ शोधून मोठ्या पडद्यावर लावतात. मग मुलांना टाळ्या वाजवायला सांगून फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकतात.

गेल्या महिन्यात कीटकांचा धडा होता. माझा शिकवायचा तास रिकामा होता, म्हणून मी दारातच उभा होतो. एका मुलीने घरच्या कपाशीवरची जिवंत अळी काडेपेटीतून आणली होती.

"सर, हाई जित्ती शे!"

"फेक बेटा बाहेर. आता पडद्यावर मोठी दिसेल," सर म्हणाले, आणि उजेड नको म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

ती मुलगी आता काही आणत नाही. टाळ्या मात्र सगळ्यांच्या आधी वाजवते.