बारवेच्या तळाशी उभे मास्तर

माझा नवरा गळ्यात शिट्टी अडकवून बारवेच्या काठावर उभा होता, आणि त्याच वेळी तो बारवेच्या तळाशीही उभा होता.

ही बातमी खालून हबीब घेऊन आला. हबीब म्हणजे माझ्या नवऱ्याच्या हाताखालचा सगळ्यात तरबेज पोरगा. मोटेच्या दगडावरून त्यानं सूर मारला की पाण्यात पळी बुडवल्याएवढाही आवाज होत नसे. त्या दिवशीही झाला नाही. पण वर आला तेव्हा तोंडावर राख फासल्यासारखा दिसत होता. पायऱ्या त्यानं हातापायांवर रांगत चढल्या. आधी काठावरच्या माझ्या नवऱ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं बघितलं.

"मास्टरसाब," तो म्हणाला, "आप नीचे खड़े हैं."

"मी इथं उभा आहे!"

"यहाँ भी हैं. नीचे भी हैं." हबीबचे दात वाजत होते, आणि ऊन तर चैत्रातलं होतं. "नीचेवाले हाथ हिला रहे हैं."

मी दहा हातांवर भाकरीचं टोपलं घेऊन उभी होते. खाली कोण उभं आहे हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं. आणि मला तोंड उघडायची बंदी होती.

नवऱ्याचं नाव आमच्या वेळी घेत नसत. आता घेते. माणिकराव. निजामाचं राज्य होतं, पोलिस ॲक्शनला अजून काही वर्षं होती, आणि हे हैदराबादच्या एका कॉलेजात पोहण्याचे मास्तर होते. गेले होते शिकायला. पुस्तकात नापास झाले, पाण्यात पहिले आले. कॉलेजनं विचार केला असावा, की हे पोरगं घरी पाठवण्यापेक्षा पाण्यातच ठेवलेलं बरं! पाठीला वाळलेला भोपळा बांधून आमच्या बारवेत जे शिकले, तेच त्यांनी नबाबांच्या नातवंडांना शिकवलं. पहिली दोन वर्षं त्यांची पोरं शेवटी यायची. मग मधे कुठंतरी यायला लागली. मग लागोपाठ दोन वर्षं पहिल्या नंबराची ढाल. सूर मारायला लागली की मुंबईची पोरं तोंडात बोटं घालून बघायची, असं ते सांगत. (मी बघितलं नाही. ते सांगत त्यातलं निम्मंच मी धरत असे.)

त्या साली तिसऱ्यांदा ढाल आणली तर नोकरी पक्की होणार होती. नाही आणली तर प्रिन्सिपॉलसाहेबांचा भाचा शिट्टी घेऊन तयारच होता. आणि सामने आठ दिवसांवर आले असताना कॉलेजचा हौद फुटला! म्हणून हे चार पोरं घेऊन वसमतपर्यंत आगगाडीनं, आणि पुढं जवळा बाजाराच्या वाटेनं बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत गावी आले. आमच्या बारवेला उन्हाळ्यातसुद्धा चार पुरुष खोल पाणी.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना हे पसंत पडलं नाही.

"काहून आलास इथं पोहायला?" त्या म्हणाल्या. "ती बारव वळखती तुला."

माणिकराव सात वर्षांचे असताना त्याच बारवेत बुडता बुडता वाचले होते. आत्याबाईंचं म्हणणं, आसरांनी तेव्हा हात सोडला, ओळख सोडली नाही. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या बहिणी. दुपारी बाराच्या ठोक्याला त्या वर येतात, म्हणून त्या वेळेला एकटं बाईमाणूस बारवेकडं फिरकत नाही. पाण्याला एखादं माणूस आवडलं तर त्याच्या बदल्यात बाहुला द्यायचा, अशी रीत.

"कणकेचा वीतभर बाहुला कर," आत्याबाईंनी मला कानात सांगितलं. "मानिकच्या नावानं भर दुपारी सोड. अन कुनाला बोलू नको. बोललीस की बाहुला माघारी येतो अन मानूस जातो."

एवढं सोपं काम. पण मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला डोकं चालवायची खोड! मी विचार केला, माझा नवरा साडेपाच फूट. त्याच्या बदल्यात वीतभर कणीक कोण घेईल? मी आसरा असते तर मी तरी फसले नसते.

म्हणून मी बाहुला पुरुषभर उंचीचा केला. कडब्याच्या पेंढ्या बांधून धड केलं, हात केले, पाय केले. डोक्याच्या जागी मडकं. काजळ पाण्यात जातं, म्हणून धोब्याची बायको कपड्यांवर खुणा करते तसं बिब्ब्यानं डोळे काढले आणि मिशाही काढल्या. मिशा तर इतक्या हुबेहूब, की मलाच पदर सावरावा वाटला. मग वाटलं, आसरांना कळायचं कसं की हा मास्तर आहे? म्हणून यांचा पोहण्याचा जुना पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख त्याच्या अंगात घातला आणि मोडकी शिट्टी गळ्यात अडकवली.

आदल्या दिवशी दुपारी त्याला लुगड्यात गुंडाळून, गवताचा भारा म्हणून डोक्यावरून नेलं. पायाला जात्याची फुटकी तळी बांधून दोरानं खाली सोडला. मडक्याच्या तोंडाला भोक पाडलं होतं, त्यातून बुडबुडे यायला लागले. तोंड वर करून, माझ्याकडं बघत, काहीतरी पुटपुटत तो खाली गेला. मला वाईट वाटलं नाही, पण मी तिथं थांबलेही नाही. फक्त एक केलं. दोर नवा होता. तो सोडून द्यायला माझा जीव होईना. त्याचं वरचं टोक खालच्या पायरीजवळच्या उंबराच्या मुळीला बांधलं आणि त्यावर शेवाळ पसरलं. आसरांचं समाधान झालं की दोर सोडवून घेऊ, असा माझा हिशेब.

मला एक गोष्ट कळली नव्हती. कडबा तरंगतो आणि दगड बुडतो. त्यामुळं बाहुला तळाशी आडवा पडला नाही. तो दगडावर ताठ उभा राहिला, आणि पाणी हललं की हात हलवायला लागला.

हबीबनंतर दुसरं पोरगं खात्री करायला गेलं. ते वर आलं आणि पायऱ्यांवर बसून रडायलाच लागलं.

"बुला रहे हैं," एवढंच म्हणालं.

"सकाळपासून माझा जुना पोशाख सापडून न्हाई राहिला," माणिकराव चिडून म्हणाले, "अन आता मीच दोन झालो!"

"पोशाख नीचेवाले पहने हैं," हबीब म्हणाला.

आरडाओरडा ऐकून आत्याबाई आल्या. त्यांच्या मागून बाळाजी धनगर मेंढरं पाजायला आला. मेंढरं बारवेजवळच्या हौदापाशी उभी राहिली, पण एकानंही पाण्याला तोंड लावलं नाही. शंभर मेंढरं, आणि एक ओरडत नव्हतं. बाळाजीनं सगळं ऐकून घेतलं, काठी टेकली आणि निकाल दिला.

"खालचा खरा. वरचा तो न्हाई."

"अरे बाळाजी, मी हाय!"

"तो बी असंच म्हननार. पाय दाखवा."

भुताचे पाय उलटे असतात. माझ्या नवऱ्यानं, दोन वर्षं ढाल आणणाऱ्या मास्तरानं, धोतर वर करून पाय दाखवले. सरळ निघाले.

"सावली कुठाय?" बाळाजी म्हणाला.

सूर्य बरोबर डोक्यावर होता. सावली कुठून असणार?

"तुझी तरी कुठाय?" माणिकराव ओरडले.

बाळाजीनं खाली बघितलं आणि स्वतःलाच दचकून दोन पावलं मागं सरला!

आत्याबाई पुढं झाल्या. "मी इचारते. सांग, देवापुढचा गूळ कोनं खाल्ला व्हता, तू लहान असताना?"

"मी न्हाई खाल्ला."

"असंच खोटं बोलतो माझा मानिक!" आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्योच माझा मानिक!"

"भूत बी खोटंच बोलतंय, माय," बाळाजी म्हणाला.

मग सगळे माझ्याकडं वळले. "तू सांग वं," आत्याबाई म्हणाल्या, "ह्योच का तुझा नवरा?"

खरं सांगावं तर बाहुला माघारी येणार आणि नवरा जाणार. न सांगावं तर पोरं पाण्यात उतरणार नाहीत, ढाल जाणार, नोकरी जाणार. मी मधला मार्ग काढला.

"दिसायला तर तेच हैत," मी म्हणाले.

माणिकरावांनी माझ्याकडं जे बघितलं, ते पुढं कित्येक वर्षं अधूनमधून बघत राहिले.

"पोरांनो, मोजा," ते म्हणाले. त्यांनी धोतर फेकलं, मोटेच्या दगडावर गेले आणि सूर मारला. मी "थांबा" म्हणेपर्यंत पाणी मिटलं होतं.

मोजायची त्यांची पद्धत होती. एक पाण्यात गेला की वरच्यांनी मोठ्यानं मोजायचं, चाळिसाच्या आत त्यानं वर यायचं. ते स्वतः साठपर्यंत राहत. चारही पोरं एका आवाजात मोजायला लागली. चाळीस झाले. पन्नास झाले. साठ म्हणताना आवाज हलका झाला. सत्तरला तीन पोरं गप्प झाली, आणि एकटा हबीब हळूहळू मोजत राहिला. पाणी काचेसारखं होतं. एक बुडबुडा नव्हता.

"पचहत्तर," हबीब म्हणाला, आणि थांबला.

मी टोपलं टाकलं आणि पायऱ्या उतरले. "खाली बाहुला हाय!" मी ओरडले. "मी सोडलाय! कडब्याचा हाय!" कुणाला काही कळलं नाही. मी शेवाळातून दोर उपसला आणि ओढायला लागले. हबीब आला, त्यानंही हात लावला. (भ्यालेला असून आला, हे मी विसरले नाही.) आम्ही ओढतोय आणि खालून कुणीतरी ओढतंय. मग एकदम दोर सैल झाला. दगडाची गाठ सुटली होती. गाठ माझीच, सुटणारच!

बारवेच्या मधोमध पाणी फुटलं आणि माणिकराव कमरेपर्यंत बाहेर उसळले. हात पसरलेले, डोळे उघडे, तोंडातून पाण्याची धार. मेंढरं उधळली. बाळाजी त्यांच्या पुढं. आत्याबाई मटकन खाली बसल्या. हबीबनं दोर सोडला, माझा पाय शेवाळावरून घसरला आणि मी पाण्यात गेले. मला पोहता येत नाही. मास्तराची बायको!

हाताला जे लागलं त्याला मी मिठी मारली. तोंडासमोर बिब्ब्याच्या मिशा आल्या.

एवढ्यात माझ्या पलीकडं दुसरे माणिकराव वर आले. निळे पडलेले, खोकत, शिव्या देत. शिव्यांवरून मी ओळखलं की हे खरे.

"सोड त्याला!" ते ओरडले.

"न्हाई सोडत!"

"अगं, मी तुझा नवरा हाय!"

"तुमी मला धरून ठेवाल का, सांगता येत न्हाई! ह्यो तरंगतो!"

शेवटी चारही पोरं पाण्यात उतरली आणि यांच्या मदतीनं आम्हा दोघांना, मला आणि कडब्याला, पायरीपर्यंत ओढत आणलं. माणिकरावांनी त्या मडक्याकडं खूप वेळ बघितलं. मग एवढंच विचारलं, "पोशाख धुवून तरी घातला होतास का?"

पुढं पोरांनी ढाल आणली. हबीब सूर मारून असा झटक्यात वर आला, की बघणाऱ्यांनी वाहवा केली. तळाशी थांबायची त्याला हौसच उरली नव्हती. बाकीची तिघं कुणीतरी मागून येत असल्यासारखी पोहली. माणिकरावांची नोकरी पक्की झाली, आणि ही शिकवण्याची आपली नवी पद्धत आहे असं त्यांनी कॉलेजात सांगितलं.

सामन्यांहून ते घरी आल्यावर एकदा मी त्यांना म्हणाले, "तुमच्या पायात दोर अडकला, माझी चूक झाली."

"दोर पायात नव्हता," ते म्हणाले. "दोर तर तुझ्या हातात होता. खालच्यानं माझा घोटा धरला होता. पाच बोटांनी."

हातांना बोटं करायचा मी कंटाळा केला होता. नुसते कडब्याचे बोळे बांधले होते.

त्या दुपारी बारवेत चार पोरं, त्यांचे मास्तर आणि मी, असे सहा जण उतरलो. सहाही जण जिवंत बाहेर आलो. मास्तर पुढं बऱ्याच वर्षांनी गेले, कोरड्या अंथरुणात, साध्या तापानं. हबीबही गेल्याचं कळलं, बाकीच्या तिघांचंही. आज त्यातली मी एकटी जिवंत आहे, आणि आंघोळसुद्धा बादलीतूनच करते.