चाचांचा उतार

चाचांच्या मनगटावर घड्याळ असायचं, तरी वेळ ते रस्त्यानं जाणाऱ्याला विचारायचे. कुणी त्यांच्या घड्याळाकडं बोट दाखवलं तर म्हणायचे, "त्याचं वय झालंय. त्याला कशाला तरास द्यायचा?"

कामशेतला चाचांचा अंड्यांचा धंदा होता. लोणावळ्याच्या हॉटेलांना अंडी टेम्पोनं जायची. घरी तीन जुन्या मोटारसायकली होत्या, पण त्यांना धंद्याला जुंपायचं नाही हा नियम. काळी, बारकी आणि म्हातारी अशी त्यांची नावं. प्रत्येकीच्या जोडीला एक चावीचं घड्याळ ठरलेलं. म्हातारी काढायची तर पिवळ्या पडलेल्या तबकडीचंच घड्याळ हवं. ते सापडेपर्यंत म्हातारी दारात उभी. "चाचा, ह्या सगळ्याचा उपयोग काय?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "उपेगाचं आसतं तर दुकानात ठेवलं आसतं." मग ते चाकाच्या तारा पुसत बसले. इतका सुखी माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही.

किक मारून यातली एकही सुरू होत नसे. म्हणून चाचांनी घरासाठी अशी जागा घेतली, जी दुसऱ्या कुणी फुकटही घेतली नसती. भर उतारावर. गाडी सोडायची, गियर टाकायचा, खाली डांबरी येईस्तोवर इंजिन बोलायला लागायचं. चाची म्हणायच्या, "ह्या घरात पोळपाटावर लाटनंबी ऱ्हात न्हाई."

पुढं चाचांचे गुडघे गेले. मुलगा सलीम त्यांना तळेगावच्या फ्लॅटवर न्यायला आला. तिथलं पार्किंग सपाट. सलीमच्या मते तिन्ही गाड्या भंगारात घालण्याच्या लायकीच्या होत्या. चाचांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि गाड्यांसाठी घरं शोधायला घेतली. पैसे नको होते. अट एकच, दारात उतार हवा.

म्हातारी मला हवी होती. चाचा कान्ह्याला आमच्या घरी आले, पिशवीतून एक अंडं काढलं आणि अंगणात ठेवलं. अंडं हललं नाही.

"जमायचं न्हाई, भाऊ," म्हणाले, अंडं परत पिशवीत टाकलं आणि चहाही न घेता निघून गेले.

मी मुरूम आणून दारापासून फाटकापर्यंत भराव घातला. बायकोनं मला वेड्यात काढलं. चाचा पुन्हा आले. या वेळी अंडं घरंगळत गेलं आणि फाटकावर आपटून फुटलं. चाचा त्याच्याकडं बराच वेळ समाधानानं पाहत राहिले. मग मनगटावरचं पिवळ्या तबकडीचं घड्याळ सोडून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"रोज चावी द्या. आन् म्हातारीला जरा फिरवून आनत जा. नुस्ती बांदून ठिवू नका."

तेव्हापासून वेळ मीही लोकांनाच विचारतो.

गेल्या थंडीत चाचा गेले. मय्यतीला मी म्हातारीवरूनच गेलो, त्यामुळं मनगटावर घड्याळही तेच होतं. कब्रस्तानाबाहेर सलीम भेटला. सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, "किती वाजले?" त्यानं माझ्या मनगटाकडं पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडायला लागला. मलाही आवरलं नाही.

निघताना मी किक मारून पाहिली. रस्ता सपाट होता. सलीमनं डोळे पुसले, बाह्या वर सारल्या आणि तो मागून धक्का द्यायला लागला.